चहापानावर चाळीस मिनिटं : सोसायटीच्या सभासदांना अनावृत पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे सर्व सभासद
(ज्यांच्या घरी वार्षिक अहवाल न उघडताच रद्दीत गेलाय, ते विशेषकरून)

सप्रेम नमस्कार,

सप्टेंबर उजाडला की तुमच्या-आमच्या लेटरबॉक्समध्ये स्टेपल मारलेला एक गठ्ठा पडतो. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस, मागच्या सभेचं इतिवृत्त, ऑडिटरचा अहवाल आणि शेवटी दोन आडवी पानं, म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक आणि ताळेबंद. झेरॉक्स काढताना त्या आडव्या पानांची उजवी कड हमखास कापली जाते, आणि नेमके रकमांचे शेवटचे आकडे जातात. आजवर एकाही सभासदाने त्याची तक्रार केल्याचं मला आठवत नाही. हे पत्र त्या दोन पानांबद्दल आहे.

मी डोंबिवलीत राहते. आमची इमारत १९९४ची, ३२ फ्लॅटची. एका सरकारी खात्याच्या हिशेब शाखेत ३१ वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर, नको नको म्हणत, सहा वर्षं सोसायटीची खजिनदार होते. तेव्हा पुढे जे काही चुकलेलं सांगणार आहे, त्यातल्या बऱ्याच कागदांवर खाली सही माझीच आहे.

रविवार, २९ सप्टेंबर २०१९ची सभा. पत्रकात एक ओळ होती : 'सभा व चहापान खर्च ३,४६०'. तिच्यावर आम्ही चाळीस मिनिटं घालवली. वेफर्स कुठून आणले, समोसे मोजून का आणले नाहीत, मागच्या वर्षी २,९०० होते ते वाढले कसे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर फरसाणवाल्याची पावती मागवून पंख्याखाली धरून वाचली. त्याच पानावर चार ओळी खाली 'वाढावा १,८४,३२०' असं होतं. त्यावर टाळ्या पडल्या. मेंटेनन्स न वाढवता एवढी शिल्लक! सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर.

तो आकडा खोटा नव्हता. ऑडिट झालं होतं, वर्गही 'अ' मिळाला होता. तरी त्या वर्षी आपण खरं म्हणजे तुटीत होतो.

पाणीपट्टीपासून सुरुवात करते. फेब्रुवारी-मार्चचं बिल मे महिन्यात आलं, २३,६०० रुपयांचं. आदल्या वर्षी अशाच बिलाची मी ३१ मार्चला तरतूद केली होती. म्हणजे पैसे दिले नव्हते तरी खर्च धरला होता, कारण पाणी तर पिऊन झालं होतं. या वर्षी लिहिणारा मुलगा नवा, मी नातवाच्या बारशात. तरतूद राहिली. परिणाम असा की ३२ घरांनी बारा महिने पाणी वापरलं आणि हिशेबात दहाच महिन्यांचं आलं. हिशेबशास्त्रात याला अॅक्रुअल म्हणतात : पैसा हातातून केव्हा गेला हे न बघता खर्च ज्या काळाचा त्या काळात लिहायचा. आणि एक पद्धत धरली की तीच दरवर्षी पाळायची, ही कन्सिस्टन्सी. गंमत बघा, दोन्ही वर्षी 'बिल आलं की लिहू' असं केलं असतं, तर तेही चूकच होतं, पण निदान बारा महिने तरी भरले असते. एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरं, यानेच घात केला.

दुसरी गोष्ट मोठी होती. दोन फ्लॅटची थकबाकी. एक बिल्डरच्याच नावावर अडकलेला, दुसरा भावाभावांच्या कोर्टकज्ज्यात. दोघांकडून मुद्दल येणं ४,६०,०००. आमच्या उपविधीप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या नियमावलीप्रमाणे, त्यावर २१ टक्के सरळव्याज लागतं. कॉम्प्युटरने ते इमानेइतबारे लावलं : ९६,६०० रुपये. ते उत्पन्नात जमा झालं. आता मला सांगा, ज्यांनी सात वर्षांत मुद्दलातला रुपया दिला नाही, ते व्याज देणार आहेत का? थकबाकी वसूल करायला लागणारा वसुलीचा दाखला, ज्याला जुने लोक सहकार कायद्यातल्या जुन्या कलमावरून अजून 'एकशे एकची कारवाई' म्हणतात, तो मिळवायचा असेल तर व्याजाचा दावा लिहून ठेवायलाच हवा. लिहावं जरूर, पण उत्पन्न म्हणून मिरवू नये. समोर तेवढीच थकीत व्याजाची तरतूद उभी करावी आणि पैसे आले की मगच नफ्यात घ्यावेत. येणारं उत्पन्न हातात येईल अशी रास्त खात्री झाल्यावर धरायचं आणि येऊ घातलेलं नुकसान मात्र दिसताक्षणी धरायचं, असा हा एकतर्फी न्याय आहे. पुस्तकात त्याला प्रुडन्स म्हणतात. आमची आजी म्हणायची, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. ऑडिटरने याबद्दल अहवालात एक ओळ लिहिली होती. ती कोणी वाचली नाही. मी वाचली होती, आणि 'बघू पुढच्या वर्षी' म्हणाले होते.

तिसरी गोष्ट पत्रकात कुठेच नव्हती. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, दुरुस्ती-देखभाल निधीसाठी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरवर्षी आकारायला सांगितलंय. आमचा बांधकाम खर्च प्रत्येक फ्लॅटला ३,२०,००० धरलेला. म्हणजे वर्षाला २,४०० रुपये, महिन्याला २००. ३२ फ्लॅटचे ७६,८००. हे आम्ही घेतच नव्हतो. 'लागेल तसा काढू' असा ठराव होता, टाळ्या वाजवून केलेला. पण गच्चीचा थर आणि बाहेरचा गिलावा तर दर पावसाळ्यात झिजत होताच. त्या झिजेपोटी हे ७६,८०० बाजूला काढले असते, तर? मांडा हिशेब : १,८४,३२० वजा ९६,६०० वजा २३,६०० वजा ७६,८००. तूट १२,६८०.

ज्या आकड्यावर टाळ्या पडल्या, तो तीन गृहीतकांवर उभा होता आणि तीनही वाकडी होती. समोसे सरळ होते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे अकाउंटंटचे चोचले. शेवटी पैसा बँकेत तेवढाच ना? तेवढाच. पण तो कोणाच्या खिशातून कधी गेला, ते या चोचल्यांवर ठरतं.

२०२२च्या पावसात बी विंगच्या जिन्यावरचा गिलावा पडला. नशिबाने रात्री अडीचला पडला. स्ट्रक्चरल ऑडिट केलं. खरं तर १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं, आमचं एकदाही झालं नव्हतं. कॉलम, गच्ची, बाहेरचा गिलावा, रंग धरून ४६ लाखांचा अंदाज आला. सिंकिंग फंडातून, म्हणजे मोठ्या कामांसाठी वर्षानुवर्षं साठवायच्या निधीतून, १२ लाख निघाले. राहिलेल्या ३४ लाखांची वर्गणी : घरटी १,०६,२५०.

तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं होतं, आठ महिन्यांपूर्वीच फ्लॅट घेतलेलं, अंगावर कर्जाचा हप्ता. तो मुलगा एका संध्याकाळी माझ्याकडे आला, हातात मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद. फ्लॅट घेण्याआधी त्याने ते मागवून वाचले होते. अशी माणसं मी आयुष्यात दोनच बघितली. म्हणाला, "मावशी, तीनही वर्षं वाढावा आहे. मेंटेनन्स वाढलेला नाही. म्हणून तर घेतला फ्लॅट. यात कुठे लिहिलंय की लाख रुपये द्यावे लागतील?"

मी चष्मा लावून पुन्हा पानं चाळली. कुठेच नव्हतं लिहिलेलं. ज्यांनी त्या घरात चोवीस वर्षं राहून गच्ची झिजवली, कमी मेंटेनन्सचा फायदा घेतला, ते फ्लॅट विकून चढ्या भावाचे पैसे घेऊन गेले, आणि बिल आलं याच्या दारात. मॅचिंग मॅचिंग म्हणतात ते एवढंच असतं : ज्या वर्षांनी उपभोग घेतला, त्या वर्षांवर खर्च पडावा. कंपनीत हे चुकलं तर शेअरवाल्यांचं काय व्हायचं ते होतं. सोसायटीत चुकलं तर एका शेजाऱ्याचा भार दुसरा शेजारी उचलतो, आणि दोघांनाही ते कळत नाही.

सिंकिंग फंडाचं आणखी एक सांगते, कारण यात चूक कोणाचीच नाही आणि तरी उत्तर चुकतं. त्याचा किमान दर बांधकाम खर्चाच्या ०.२५ टक्के. आमच्याकडे वर्षाला घरटी ८०० रुपये, महिन्याला ६७ सुद्धा नाहीत. त्यातही पहिली नऊ वर्षं तो कोणी गोळाच केला नव्हता. हे ३,२०,००० कुठले? १९९४चे. मूळ किमतीचं तत्त्व म्हणतं की वस्तू ज्या किमतीला घेतली, त्याच किमतीला वहीत राहील. बाजारात काय चाललंय त्याच्याशी वहीला कर्तव्य नाही. या तत्त्वावर हसू नका. त्याच्यामुळेच वहीतला आकडा पावती दाखवून सिद्ध करता येतो, आणि ३२ घरांच्या सोसायटीने दरवर्षी व्हॅल्युअर बोलवायचा म्हटलं तर त्याच्या फीपुढे समोसे फिके पडतील. पण त्या पद्धतीच्या पोटात एक समजूत दडलेली असते, की १९९४चा रुपया आणि आजचा रुपया एकच. सिमेंटवाल्याला ही समजूत मान्य नाही. उपविधीतला 'किमान' हा शब्द वाचा. सर्वसाधारण सभेला जास्त आकारता येतं. पंचवीस वर्षांत आमच्या एकाही सभेने तो विषय काढला नाही.

ताळेबंदाच्या उजव्या बाजूला आणखी एक मजा आहे. तुमच्या संस्थेची सगळ्यात मौल्यवान वस्तू कोणती? जमीन. शोधा तिला त्या पानावर. कितीतरी सोसायट्यांच्या ताळेबंदात ती सापडणारच नाही, कारण कन्व्हेअन्स, म्हणजे जमिनीची मालकी संस्थेच्या नावावर करणं, झालेलं नाही आणि सातबारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून बिल्डर नाहीतर मूळ मालक बसलाय. बिल्डरने करून दिलं नाही तरी ते मिळवायची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची, सोय २००८च्या दुरुस्तीने झाली, तरी फाइल कपाटातच. जिथे झालंय तिथे जमीन जुन्या किमतीला, दोनचार लाखांत. आणि शेजारच्या ओळीत 'प्लास्टिक खुर्च्या ४० नग' अगदी ठळक.

स्वतंत्र अस्तित्वाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना कळतं आणि कोणी पाळत नाही. सोसायटी वेगळी, चेअरमन वेगळा. माझ्या आधीच्या खजिनदारांकडून मला चार्ज मिळाला तो पार्ले बिस्किटांच्या चौकोनी डब्यात : नोटा, रबरबँड, तीन चाव्या आणि एक चिठ्ठी, 'प्लंबरला माझे ७०० दिले आहेत, माझ्या मेंटेनन्समधून वजा करावे'. माणूस सज्जन. पण ते ७०० खर्चात कधीच आले नाहीत आणि त्यांचा मेंटेनन्स कायम ७००ने कमी दिसत राहिला, थकबाकीदारांच्या यादीत. आता डब्याच्या जागी सेक्रेटरींच्या फोनचा क्यूआर कोड आलाय. डबा बरा होता, त्याला झाकण तरी होतं.

त्याच २०१९च्या सभेकडे परत येते. सोमवारी, २३ सप्टेंबरला, रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला सहा महिन्यांत एक हजार रुपये काढता येतील, असा पहिला हुकूम होता. एचडीआयएल या बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जं खोट्या खात्यांआड लपवली होती, हे पुढे बाहेर आलं. मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी गृहनिर्माण संस्थांच्या ठेवी तिथे होत्या, आणि त्या संस्थांच्या वार्षिक सभा नेमक्या त्याच आठवड्यात. छापलेला ताळेबंद ३१ मार्चचा. त्यात मुदत ठेव पूर्ण रकमेला उभी. ऑडिटरची सही जुलैतली. सगळं बरोबर, आणि सगळं निरुपयोगी. ठेवींचा विमा तेव्हा एक लाखाचा होता, पाच लाख झाला तो फेब्रुवारी २०२०मध्ये. बँक जानेवारी २०२२मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

आमची ठेव दुसरीकडे होती, म्हणून आमच्या सभेत या विषयाला पाच मिनिटं मिळाली. 'आपले कुठेत?', 'अमुक बँकेत', 'बरं'. चहाला चाळीस.

यातलं हिशेबाचं सूत्र असं, की ताळेबंद हा ३१ मार्चच्या रात्री काढलेला फोटो आहे. माणूस एप्रिलमध्ये पाय मोडून बसला तरी फोटोत तो उभाच दिसणार. म्हणून तारखेनंतर घडलेलं पण वाचणाऱ्याने जाणून घ्यायलाच हवं असं काही असेल, तर ते टिपेत लिहायचं, आणि टीप छापून झाली असेल तर सभेत उभं राहून सांगायचं. कोर्टात चालू असलेला दावा, महापालिकेची नोटीस, लिफ्ट कंपनीशी वाद : हे रुपयांत मांडता येत नसलं तरी टिपेत मांडता येतं. इंग्रजीत फुल डिस्क्लोजर म्हणतात, आपण नुसतं 'सांगून टाका' म्हणू. गळकी गच्ची ही पैशांत मोजता येत नाही म्हणून वहीत येत नाही, इथवर ठीक. पण 'गच्ची गळते, अंदाजे खर्च इतका, निधी इतका' ही टीप लिहायला मला २०१९मध्ये कोणी अडवलं होतं? कोणीच नाही. चेअरमन म्हणाले, फ्लॅटचे भाव पडतील. मी गप्प बसले.

आता तुमच्यापैकी निम्म्या सोसायट्यांत पुनर्विकासाचं वारं आहे, म्हणून हे नीट वाचा. भारतीय चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने १९७९ साली पहिलं लेखामानक, म्हणजे हिशेब मांडायचा नियम, काढलं, त्यात तीन मूलभूत गृहीतकं सांगितली : संस्था पुढे चालू राहणार, पद्धत तीच राहणार, आणि अॅक्रुअल. ही पाळली असतील तर वेगळं सांगायची गरज नाही. न पाळली असतील तर मात्र सांगायचंच. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या निर्देशांप्रमाणे पुनर्विकासाचा ठराव झाला की लोक म्हणतात, सोसायटी संपली. संस्था संपत नाही. ती नोंदणीकृत आहे, नव्या टॉवरमध्येही तीच असेल. संपते ती इमारत, आणि तिच्याबरोबर तिच्यावर बसवलेलं सगळं.

आम्ही एप्रिल २०१६मध्ये नऊ लाखांची लिफ्ट बसवली. पंधरा वर्षं चालेल असं धरून वर्षाला ६० हजार घसारा, म्हणजे झिजेपोटीचा खर्च, लावला. मार्च २०२४ला वहीत ४,२०,००० उरले. त्याच सुमारास सभेने पुनर्विकासाचा ठराव केला आणि बिल्डर म्हणाला, दोन वर्षांत इमारत रिकामी करा. मग ती लिफ्ट अजून सात वर्षं चालणार, हे कुठल्या तोंडाने लिहायचं? उरलेले ४,२०,००० दोनच वर्षांत संपवायचे, वर्षाला २,१०,०००, भंगाराचे काय येतील ते वजा करून. तसं केलं की वाढावा गडप होतो आणि सभेत आरडाओरडा होतो. पुष्कळ ठिकाणी तसं करतच नाहीत. इमारत पाडली तरी वहीत लिफ्ट वरखाली करत राहते.

या सप्टेंबरमध्ये एवढं करा. वाढाव्याच्या आकड्याशी आलात की तिथे थांबा आणि विचारा : यात थकबाकीवरचं व्याज किती? मार्चपर्यंतची सगळी बिलं धरली का? घसाऱ्याची आणि तरतुदींची पद्धत मागच्या वर्षीचीच आहे ना? पुढच्या पाच वर्षांत कोणतं मोठं काम दिसतंय आणि त्यासाठी निधी किती? तुमचा खजिनदार चिडेल. मीही चिडले असते. तो बिनपगारी काम करतो, रात्री जेवण झाल्यावर व्हाउचरं चिकटवतो, आणि वर्षातून एकदा त्याला समोशांचा हिशेब विचारला जातो. एकदा त्याला खरा प्रश्न विचारून बघा, मागाहून तोच तुमच्याशी जिन्यात उभा राहून अर्धा तास बोलेल. छोट्या रकमा सोडून द्या. तीन हजारांनी कोणाचाही निर्णय बदलत नसेल, तर त्या ओळीला तीन मिनिटंही जास्त झाली. रकमेला वजन आहे की नाही हे बघून वेळ द्यायचा, याला मटेरियालिटी असं भारदस्त नाव आहे, पण घर चालवणाऱ्या प्रत्येक बाईला ते ठाऊक असतं.

तिसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा आता आमचा खजिनदार आहे. यंदाच्या अहवालात त्याने टीप क्रमांक ७ घातलीये : लिफ्टचं उरलेलं आयुष्य, थकीत व्याजाची तरतूद, दोन्ही दाव्यांची सद्यस्थिती. आडव्या पानाची उजवी कडही त्याने कापू दिलेली नाही.

आणि चहाचं म्हणाल तर यंदाच्या सभेचा चहा आणि समोसे माझ्याकडून. विषयच नको. मी त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "चालेल मावशी, पण आधी पैसे सोसायटीच्या खात्यात भरा. पावती फाडतो, देणगी जमा, चहापानाला नावे. तुम्ही वेगळ्या, सोसायटी वेगळी."

आपली,
एक माजी खजिनदार, डोंबिवली